नारू : मराठवाड्यातील एक विस्मृत कृमिरोग आणि त्याच्या उच्चाटनाचा बोध

सारांश

नारू हा पिण्याच्या पाण्यातून होणारा कृमिरोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत महाराष्ट्रासह भारतातील सात राज्यांत आढळत होता. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. कोणतीही लस अथवा रोगनाशक औषध उपलब्ध नसताना हा रोग नाहीसा झाला, ही वैद्यकाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. प्रस्तुत लेखात नारू कृमीचे जीवनचक्र, दख्खनमधील पायविहिरींशी त्याचा संबंध, रोगाचे सामाजिक स्वरूप, जालना येथे आकारास आलेल्या हातपंपाचे योगदान व राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम यांचा परामर्श घेतला आहे. त्या आधारे आजही टिकून असलेल्या कृमिरोगांच्या नियंत्रणातील उणिवांची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : नारू, सायक्लॉप्स, पायविहीर, हातपंप, दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग, मराठवाडा.

१. प्रस्तावना

साथरोगांचा इतिहास लिहिताना प्लेग, देवी, पटकी या रोगांना प्राधान्य मिळते. हे रोग अल्पावधीत अनेकांचे प्राण घेत असल्याने शासन, वृत्तपत्रे व साहित्य या सर्वांनी त्यांची दखल घेतली. याउलट कृमिरोग सहसा माणसाला मारत नाहीत. ते त्याला अशक्त करतात, अंथरुणाला खिळवतात, त्याचा हंगाम बुडवतात. मृत्यूच्या नोंदवहीत त्यांचे नाव क्वचितच येत असल्याने त्यांचा इतिहासही क्वचितच लिहिला जातो. जागतिक आरोग्य संघटना ज्यांना 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग' असे संबोधते, त्यांत कृमिरोगांची संख्या मोठी आहे, यामागे हेही एक कारण आहे.

नारू हा या वर्गातील ठळक रोग होय. मराठवाड्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीला हा शब्द परिचित आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला मात्र तो बहुधा ठाऊकही नसतो. रोग नाहीसा होणे ही आनंदाचीच बाब आहे. परंतु तो कसा नाहीसा झाला, याचे ज्ञानही रोगाबरोबर नाहीसे झाले, तर त्याच मार्गाने दूर होऊ शकणाऱ्या अन्य रोगांच्या बाबतीत समाज हतबल राहतो. या दृष्टीने नारूच्या उच्चाटनाचा अभ्यास आजही अगत्याचा ठरतो.

२. कृमीचा परिचय व जीवनचक्र

नारूचे शास्त्रीय नाव ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस असे आहे. यातील 'मेडिनेन्सिस' हे पद मदीना शहरावरून आले आहे, तर 'गिनी वर्म' हे इंग्रजी नाव आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून रूढ झाले. प्राचीन इजिप्तमधील एका ममीच्या शरीरात या कृमीचे अवशेष आढळले आहेत. उत्तरकालीन आयुर्वेद ग्रंथांत 'स्नायुक' या नावाने वर्णिलेला रोग हाच असल्याचे मानले जाते. बाहेर येणारा कृमी पांढऱ्या स्नायुतंतूसारखा दिसत असल्याने हे नाव अन्वर्थक वाटते.

हा गोलकृमी आहे. प्रौढ मादीची लांबी सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर व जाडी अवघी एक ते दोन मिलिमीटर असते; नर त्या मानाने अगदी लहान, काही सेंटिमीटरचा असतो. या कृमीचे जीवनचक्र पूर्ण होण्यास मनुष्य आणि सायक्लॉप्स या दोन आश्रयदात्यांची गरज असते. सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव असून तो साचलेल्या पाण्यात विपुल आढळतो. उजेडाकडे धरलेल्या पेल्यात तो लहानशा पांढऱ्या ठिपक्याप्रमाणे हलताना नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

बाधित सायक्लॉप्स पाण्याबरोबर पोटात गेला की जठरातील पाचकरसाने तो मरतो व त्याच्यातील अळ्या मोकळ्या होतात. त्या आतड्याची भित्तिका भेदून शरीराच्या पोकळीत शिरतात. सुमारे तीन महिन्यांत नर-मादीचे मीलन होते. त्यानंतर नर मरतो आणि मादी त्वचेखालील ऊतींतून हळूहळू खाली सरकत राहते. या संपूर्ण काळात रोग्याला कसलीही जाणीव नसते. सुमारे एक वर्षानंतर मादी बहुधा गुडघ्याखाली, पायाच्या घोट्याजवळ अथवा पावलावर त्वचेलगत येते. तेथे फोड उठतो व असह्य आग होऊ लागते. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटून मादीचे टोक बाहेर येते आणि ती लक्षावधी अळ्या पाण्यात सोडते. या अळ्या पाण्यात काही दिवसच जगतात. तेवढ्या अवधीत सायक्लॉप्सने त्या गिळल्या तरच चक्र पुढे सरकते. सायक्लॉप्सच्या शरीरात सुमारे दोन आठवड्यांत अळी संसर्गक्षम होते आणि ते पाणी पिणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात प्रवेश करण्यास सिद्ध होते.

या चक्राची काही वैशिष्ट्ये लक्षात घेतली पाहिजेत. रोग्याला होणारी आगच त्याला पाण्याकडे नेते, म्हणजे रोगाचे लक्षण हेच रोगाच्या प्रसाराचे साधन ठरते. एकदा नारू झाल्याने शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. त्याच माणसाला तो वर्षानुवर्षे होऊ शकतो. तथापि हे चक्र तोडणेही तत्त्वतः सोपे आहे. नारू बाहेर आलेल्या माणसाने पिण्याच्या पाण्यात पाय घातला नाही, किंवा पिणाऱ्याने पाणी गाळून घेतले, तर एका वर्षात त्या पाणवठ्यावरील साखळी संपुष्टात येते.

३. पायविहिरी, पाणीटंचाई आणि ऋतुमान

मराठवाड्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा व अवर्षणप्रवण आहे. बारमाही नद्या थोड्या आणि खडकात पाणी खोल. अशा प्रदेशात पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरण्याची सोय असलेल्या विहिरी बांधण्याची परंपरा निर्माण झाली. या विहिरींना मराठवाड्यात बारव अथवा पायविहीर म्हणतात. पाणी कितीही खाली गेले तरी दोर-पोहऱ्याविना घागर भरता यावी, वाटसरूला थेट पाणी प्यायला मिळावे, हा त्यामागील लोकोपयोगी विचार होता. स्थापत्य आणि जलव्यवस्थापन या दोन्ही दृष्टींनी बारवा हा या प्रदेशाचा मौल्यवान वारसा आहे.

परंतु नारूच्या दृष्टीने हीच रचना सर्वाधिक अनुकूल ठरली. पायऱ्या उतरून आलेला माणूस घागर भरण्यासाठी शेवटच्या पायरीवर उभा राहतो व त्याचे घोटे पाण्यात बुडतात. मादी कृमी बाहेर येते तेही नेमक्या याच ठिकाणी. एकच पाणी पाय बुडविण्याचे व पिण्याचे असल्याने रोगी आणि निरोगी यांची गाठ प्रत्यक्ष न पडताही त्याच पायरीवर पडत असे. ज्या विहिरीवर रहाटाने वा पोहऱ्याने पाणी शेंदले जाते, तेथे हा धोका पुष्कळ कमी असतो, कारण पाण्याला पाय लागत नाही.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या इतिहासात याच्या उलट तत्त्वावरील व्यवस्थेचे उदाहरण आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरच्या काळात उभारलेली नहर-ए-अंबरी ही भूमिगत नहर डोंगरपायथ्याचे पाणी बंदिस्त मार्गाने शहरात आणत असे. तिचा हेतू रोगनिवारणाचा नव्हता. परंतु माणसाला पाण्यात उतरावे न लागता पाणी माणसापर्यंत यावे, हे तत्त्व तीत अंतर्भूत होते. नारूच्या उच्चाटनासाठी पुढे ग्रामीण भागात जे करावे लागले, त्याचे सार हेच होते.

रोगाचा ऋतूशी असलेला संबंधही विचारात घेण्याजोगा आहे. उन्हाळ्यात विहिरीतील पाणी आटत जाते तसतशी उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होते व संसर्गाची शक्यता वाढते. कृमीला वाढण्यास सुमारे एक वर्ष लागत असल्याने या उन्हाळ्यात पोटात गेलेला नारू पुढील वर्षीच्या त्याच सुमारास बाहेर येतो. त्या वेळी विहिरींना पुन्हा पाणी कमी असते आणि शेतकरी पेरणीपूर्व मशागतीच्या कामात असतो. अशा रीतीने कृमीचे चक्र आणि दुष्काळी प्रदेशाचे वार्षिक चक्र एकमेकांत गुंतलेले होते.

४. रोगाचे सामाजिक व आर्थिक स्वरूप

नारूवर औषध नव्हते आणि आजही नाही. काही औषधांनी दाह व सूज कमी होते, कृमी मरत नाही. शतकानुशतके चालत आलेला उपाय म्हणजे बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून दररोज थोडे थोडे, काही सेंटिमीटर, ओढून काढणे. या क्रियेस अनेक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. घाई केल्यास कृमी तुटतो व उरलेला भाग आत राहून तीव्र दाह, पू आणि कधी कधी सांध्यांचे कायमचे आखडणे उद्भवते. उघड्या जखमेतून धनुर्वाताचाही धोका असे.

एखाद्याच्या अंगात एकाच वेळी अनेक नारू निघणे हेही असामान्य नव्हते. घरातील कर्ता माणूस मशागतीच्या वा पेरणीच्या दिवसांत अंथरुणावर पडला, की त्या कुटुंबाचा वर्षाचा हिशेब कोलमडत असे. शेतमजुराच्या बाबतीत तर मजुरी बुडणे म्हणजे उसनवारी आणि सावकारी कर्ज. मुलांच्या शाळेतील अनुपस्थितीचे हे एक कारण होते. पाणी भरण्याचे काम स्त्रियांकडे असल्याने रोगाची झळ त्यांना दोन्ही बाजूंनी बसे. पायाला नारू असलेली स्त्रीही पाण्याला जाण्यावाचून सुटत नसे, आणि तिच्या त्या खेपेतूनच पुढील वर्षीचा रोग पाण्यात उतरत असे. यात तिचा दोष नव्हता. घरात पाणी आणण्याची दुसरी व्यवस्था नव्हती, एवढेच त्याचे कारण होते.

पाणवठ्याचा प्रश्न जातिव्यवस्थेपासून अलग करता येत नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर समान हक्क मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हा लढा प्राधान्याने मानवी प्रतिष्ठेचा होता. तथापि साथरोगशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यासही त्याचे महत्त्व मोठे आहे. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांना ओढ्यातील झरे, डबकी वा अन्य असुरक्षित पाण्यावर अवलंबून राहावे लागे. कोणते पाणी कोणाच्या वाट्याला येते, हे ज्या समाजात जन्मावरून ठरते, तेथे पाण्यातून येणारा रोगही त्याच क्रमाने वाटला जातो. म्हणूनच नारूनिर्मूलनासाठी नवा पाणीस्रोत निर्माण करणे पुरेसे नव्हते. तो गावात कोठे आहे आणि त्यावर कोणाचा हात पोहोचतो, हे प्रश्नही तितकेच निर्णायक होते.

५. संशोधनाची वाटचाल

नारू पाण्याशी संबंधित आहे, हा लोकानुभव जुना होता. परंतु त्याचा नेमका मार्ग १८७० च्या सुमारास स्पष्ट होऊ लागला. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेन्को यांनी तुर्कस्तान प्रांतात काम करीत असताना नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात असे निदर्शनास आणले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश कृमिशास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर यांनी बाधित सायक्लॉप्स माकडाला खाऊ घालून हा मार्ग प्रयोगाने सिद्ध केला.

या संशोधनात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. परळ येथील बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजेच आजच्या हाफकिन संस्थेत, १९१० च्या दशकात लिस्टन, तुर्खुड आदी संशोधकांनी नारूच्या प्रतिबंधाचा अभ्यास केला. बाधित सायक्लॉप्सयुक्त पाणी प्यायल्याने माणसाला नारू होतो, हे तुर्खुड यांच्या प्रयोगाने दाखवून दिले. १९३० च्या दशकात लिंडबर्ग यांनी दख्खनमधील एका गावाचे साथशास्त्रीय सर्वेक्षण केले, तर त्याच दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती व स्वीट यांनी पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून रोग आटोक्यात आणण्याचे प्रयोग केले.

या घटनाक्रमातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. १९२० पूर्वीच नारू कसा होतो व कसा टाळता येईल, हे निश्चित झाले होते. तरीही भारतात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होण्यास त्यानंतर साठहून अधिक वर्षे लागली. ज्ञान होते, अभाव होता तो ज्यांना हा रोग होत असे त्यांच्या दुःखाला अग्रक्रम देण्याचा.

६. जालन्याचा हातपंप

नारूच्या उच्चाटनात सर्वाधिक परिणामकारक ठरलेले साधन म्हणजे विंधनविहीर व तिच्यावरील हातपंप. जमिनीखालील बंदिस्त पाण्यात ना सायक्लॉप्स असतो, ना कोणाचा पाय बुडतो. या साधनाच्या घडणीत मराठवाड्याचा थेट संबंध आहे, ही बाब फारशी ज्ञात नाही.

१९६० च्या दशकात दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर कठीण खडकात विंधनविहिरी घेण्याची यंत्रे भारतात आली. मात्र त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप पाश्चात्त्य देशांतील एका कुटुंबाच्या वापरासाठी योजलेल्या नमुन्यांवर आधारित होते. गावातील शेकडो माणसे दिवसभर वापरू लागली की ते अल्पावधीत मोडत. परिणामी विहीर असूनही पाणी नाही, अशी स्थिती उद्भवे आणि लोक पुन्हा जुन्या पाणवठ्याकडे वळत.

या अडचणीवर जालना येथील ख्रिस्ती मिशनच्या जलकार्यातून एक उपाय पुढे आला. तेथे पोलादाचा, एकाच सांध्यावर चालणारा, मजबूत पंप तयार करण्यात आला व तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. या पंपाच्या तत्त्वात सुधारणा होऊन सोलापूर येथे 'सोलापूर पंप' तयार झाला. त्याच्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या सहकार्याने 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप विकसित झाला. पुढे हा पंप भारतातील लाखो गावांत व वस्त्यांत, तसेच आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. गावोगावच्या चावडीजवळ, शाळेच्या आवारात आजही दिसणारा हातपंप याच परंपरेतील आहे.

पंप बसविणे जितके आवश्यक तितकेच तो चालू ठेवणे. राजस्थानच्या दक्षिण भागात १९८० च्या दशकात राबविलेल्या 'स्वच्छ' प्रकल्पात नारूनिर्मूलनाबरोबर ग्रामीण स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्यात आले. ज्यांच्यावर पाणी भरण्याचा भार होता, त्यांच्याच हाती दुरुस्तीचे कौशल्य देण्याचा हा विचार आजही अनुकरणीय आहे.

७. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून जाहीर केले. सुरक्षित पाणी खरोखर लोकांपर्यंत पोहोचले की नाही, याची कसोटी म्हणून नारूचे उच्चाटन हे उद्दिष्ट पुढे आले. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला व त्याची धुरा दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे सोपविली. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रोगी होते. आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तामिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान या सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांमधील १२,८४० गावे बाधित होती.

कार्यक्रमाची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे होती :

(अ) आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून रोग्यांचा प्रत्यक्ष शोध घेणे;
(आ) रोग्याच्या जखमेवर मलमपट्टी करून त्याला पाण्यात उतरण्यापासून परावृत्त करणे;
(इ) दुहेरी कापडाने अथवा बारीक जाळीच्या गाळणीने पाणी गाळून पिण्याचा प्रसार करणे;
(ई) पाणवठ्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक ठराविक अल्प प्रमाणात टाकणे;
(उ) पायविहिरींचे शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर करणे व हातपंप बसविणे;
(ऊ) रोगी कमी होत गेल्यावर नव्या रोग्याची माहिती देणाऱ्यास बक्षीस देणे.

यांपैकी एकही उपाय तांत्रिकदृष्ट्या असाधारण नव्हता. त्यांचे सामर्थ्य सातत्यात होते. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शोधमोहीम चालू ठेवून एकही नवा रोगी नसल्याची खात्री करण्यात आली आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र प्राप्त झाले.

जागतिक पातळीवरही घट विलक्षण आहे. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२४ मध्ये अवघ्या १५ मानवी रोग्यांची नोंद झाली. मात्र शेवटचा टप्पा कठीण ठरला आहे. चाड या देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्येही या कृमीचा संसर्ग आढळू लागला असून प्राण्यांतील नोंदी शेकड्यांत आहेत. त्यामुळे जागतिक उच्चाटनाचे लक्ष्य २०३० पर्यंत पुढे ढकलावे लागले. भारतात मात्र कृमीच उरलेला नसल्याने सायक्लॉप्स विहिरीत असूनही नारू होत नाही. त्यामुळे अलीकडे महाराष्ट्रात सुरू झालेल्या बारवांच्या संवर्धनकार्याला नारूच्या भीतीने आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्या कार्यात वास्तूबरोबर तिचा आरोग्याचा इतिहासही नोंदविला जावा, एवढीच अपेक्षा आहे.

८. उरलेले कृमी

नारूबरोबर राज्यातील आणखी एका कृमिरोगाचा उल्लेख आवश्यक आहे. १९५२ मध्ये गाडगीळ व शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात लघवीतून रक्त जाण्यास कारणीभूत असलेल्या शिस्टोसोमा कृमीचे स्थानिक केंद्र असल्याचे दाखवून दिले. गोड्या पाण्यातील गोगलगाय हा त्या कृमीचा मध्यस्थ. रोग्यांवर उपचार व गोगलगायींचा नाश या दुहेरी उपायांनी हे केंद्र आटोक्यात आले. नारूप्रमाणेच येथेही माणसाचा पाण्याशी येणारा संबंध निर्णायक होता.

परंतु हे दोन अपवाद होत. जमिनीतून पसरणारे जंत, चाबूककृमी व अंकुशकृमी, तसेच डासांमार्फत पसरणारा हत्तीरोग हे अजूनही आपल्यात आहेत. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव विदर्भाबरोबरच मराठवाड्यातील नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांतही नोंदविला गेला आहे. शासनाने २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला असून एक ते एकोणीस वयोगटातील मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हत्तीरोगासाठी सामुदायिक औषधोपचार मोहिमा राबविल्या जातात. हे उपक्रम आवश्यक आहेत व त्यांचा लाभही झाला आहे.

तरीही येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. नारूवर औषध नव्हते, म्हणून शासनाला पाणीच बदलावे लागले. आणि पाणी बदलल्यावर रोग परतला नाही. जंतांवर स्वस्त औषध आहे, म्हणून माती बदलण्याची निकड भासत नाही. गोळीने पोटातील जंत पडतात. पण उघड्यावरील शौच, अनवाणी चालणे, हात धुण्यास पाणी नसणे या गोष्टी तशाच राहिल्या तर मुलाला काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होतो आणि पुढील मोहिमेत पुन्हा गोळी द्यावी लागते. हत्तीरोगाच्या बाबतीत सांडपाणी व डास यांविषयी हेच म्हणता येईल. औषधाची उपलब्धता ही कधी कधी परिस्थिती न बदलण्याची सबब ठरते, हा नारूच्या तुलनेतून मिळणारा बोध आहे.

अर्थात ही तुलना मर्यादेत राहून करावयास हवी. नारू डोळ्यांना दिसतो, त्याचा पाणवठा ओळखता येतो, त्याचे चक्र वर्षभराचे असते. अंकुशकृमी दिसत नाही. रक्तक्षयाच्या रूपाने तो संथपणे काम करतो व त्याचा स्रोत गावभर पसरलेला असतो. त्यामुळे नारूची कार्यपद्धती जशीच्या तशी लागू होणार नाही. पाणीपुरवठ्याच्या उपायालाही मर्यादा आहेत. भूजलाचा बेसुमार उपसा, काही भागांतील विंधनविहिरींच्या पाण्यात आढळणारे अतिरिक्त फ्लोराइड, आणि टंचाईच्या काळात टँकरचे पाणी गावच्या उघड्या विहिरीत ओतून तेथून भरण्याची वेळ, या बाबी सुरक्षित पाण्याचा प्रश्न सुटलेला नसल्याचे दर्शवितात. नारू गेला, ज्या परिस्थितीत तो राहत होता, ती सर्वत्र गेलेली नाही.

९. महाविद्यालयांची भूमिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला कृमिशास्त्राची समृद्ध परंपरा आहे. डॉ. जी. बी. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आदी प्राण्यांतील पट्टकृमींच्या वर्गीकरणाचे विपुल कार्य केले. या परंपरेला आता मानवी कृमिरोगांच्या सामाजिक इतिहासाची जोड देणे शक्य आहे. ज्यांनी स्वतः नारू सोसला, काडीला गुंडाळून काढला, ज्यांच्या पायांवर त्याचे व्रण आहेत, अशा व्यक्ती आज वृद्ध झाल्या आहेत. येत्या दहा-पंधरा वर्षांत ही साक्ष कायमची लोपेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून अशा आठवणींचे संकलन, गावातील बारवांची व जुन्या पाणवठ्यांची नोंद, कोणत्या वस्तीला कोणते पाणी मिळत असे याचा नकाशा, असे प्रकल्प प्राणिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र व भूगोल या विभागांनी संयुक्तपणे हाती घेता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची अथवा प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.

१०. निष्कर्ष

नारूच्या इतिहासातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, रोगाचे कारण समजणे आणि रोग दूर होणे यांत मोठे अंतर असू शकते; नारूच्या बाबतीत ते साठ वर्षांहून अधिक होते व ते विज्ञानाच्या नव्हे, अग्रक्रमाच्या अभावामुळे पडले. दुसरा, स्थानिक गरजेतून निर्माण झालेले साधे, टिकाऊ व दुरुस्तीयोग्य तंत्रज्ञान आयात केलेल्या साधनांपेक्षा प्रभावी ठरू शकते. जालन्याचा पंप हे त्याचे उदाहरण होय. तिसरा, पाणवठा हा आरोग्याचा तसाच समतेचाही प्रश्न आहे. चौथा, औषधोपचार हा परिस्थिती सुधारण्याला पर्याय नसून तिला पूरक असावा.

मराठवाड्यातील एका पिढीने पायरीवर उभे राहून पाणी भरले व त्याची किंमत आपल्या पायांनी मोजली. पुढच्या पिढीला ती मोजावी लागली नाही, याचे श्रेय गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी, हातपंप घडविणारे व दुरुस्त करणारे कारागीर आणि पदराने पाणी गाळून घेणाऱ्या स्त्रिया यांचे आहे. आज उरलेल्या कृमिरोगांच्या बाबतीत हेच सातत्य दाखविले गेले, तर आजच्या शाळकरी मुलांनाही पुढे 'जंत' आणि 'हत्तीपाय' हे शब्द आपल्या मुलांना समजावून सांगावे लागतील.